एकाच पॅकेटचा सीक्वेन्स नंबर दोन कॅप्चरमध्ये वेगळा का?

एक कॅप्चर (नेटवर्कवरच्या पॅकेट्सची नोंद) आर्वीच्या ऑफिसातलं, दुसरं गावच्या ग्रामपंचायतीतलं, आणि सीक्वेन्स नंबर (पाठवलेल्या बाइट्सचा क्रम सांगणारा आकडा) जुळेनात, असंच ना? बहुतेक गावातलं कॅप्चर कनेक्शन जोडल्यावर सुरू झालंय. (वीज येण्याची वाट पाहत कॅप्चर उशिरा सुरू केलं की हे होणारच.) वायरशार्क (पॅकेट टिपून दाखवणारा प्रोग्रॅम) यादीत आपणहून खरा नंबर दाखवत नाही. सुरुवातीचं, कनेक्शन उघडणारं सिन (SYN) पॅकेट सापडलं तर त्याला ० धरतो. हुकलं तर हाती लागेल त्याला १. प्रेफरन्सेसमध्ये प्रोटोकॉल्स, तिथे टीसीपी, आणि ‘रिलेटिव्ह सीक्वेन्स नंबर्स’ची टिक काढा. मग दोन्हीकडे खरे आकडे दिसतील. तरीही फरक उरला तर मधला फायरवॉल (येणारी-जाणारी पॅकेट्स गाळणारी यंत्रणा) नंबर बदलतोय का बघा.

स्वतःची स्क्रिप्ट लिहिणार असाल तर कोणता नंबर आधीचा हे ठरवायला नुसतं लहान-मोठं तपासू नका: ४२९४९६७२९५ नंतर पुन्हा ० येतो. पहिल्या नंबरातून दुसरा वजा करा आणि उत्तर चिन्हासह (अधिक-उणे) ३२ बिटांत वाचा. ऋण आली तर पहिला नंबर आधीचा.