मिरगाचा किडा आणि वाळूतल्या गोळ्या

प्रश्न: मी डिचोलीची. पहिल्या पावसात आमच्या अंगणात लाल मखमली मिरगाचे किडे येतात, आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर गेलो तर सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. माझा मुलगा विचारतो, गोळ्या कोण करतं आणि ते दोघे एकमेकांचे कोण?

उत्तर: ताई, नातं आहे पण खूप लांबचं, दोघेही संधिपाद, म्हणजे सांध्यासांध्यांचे पाय असलेल्या मंडळीतले. मिरगाचा किडा खरं तर कीटक नाहीच, मुलाला पाय मोजायला सांगा, आठ भरतील, तो कोळ्याच्या घराण्यातला. आणि गोळ्या करते ती नखाएवढी कुर्ली, म्हणजे खेकडा, तिला नांग्या धरून दहा पाय.

पाणी ओसरलं की ही बिळातून बाहेर येते, वाळू तोंडाशी नेते, कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ तेवढं खाते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देते, म्हणजे चाळलेली वाळू परत चाळायला नको! बिळापर्यंतची वाट मात्र मोकळी ठेवते कारण पक्षी दिसला की धूम ठोकायची असते. भरती आली की सगळी नक्षी पुसली, ही बिळात, आणि साधारण साडेबारा तासांनी पुढच्या सुकतीला परत पहिल्यापासून सुरू.

मिरगाच्या किड्याला असं रोज दोनदा बाहेर यायला मिळत नाही, तो वर्षातला बहुतेक काळ मातीतच असतो, पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की थोडे दिवस वर येतो, खातो, जोडीदार शोधतो. याच्या पिल्लांना सहाच पाय असतात आणि ती नाकतोड्यासारख्यांच्या अंगाला चिकटून रस पितात, मोठेपणी सुटी होतात. आणि तो बिनधास्त फिरतो कारण त्याची चव वाईट असते, लाल रंग म्हणजे खाणाऱ्याला दिलेला इशारा.

एक कळकळीने सांगते, पोरं त्याला काड्यापेटीत भरून ठेवतात तसं करू देऊ नका, वर्षभर वाट बघून मिळालेले त्याचे हे मोजके दिवस आहेत. हातावर चालू द्या आणि जिथून उचलला तिथेच सोडा, तो चावत नाही. आणि मांद्र्याला जाल तेव्हा सुकतीची वेळ बघून जा, गोळ्यांजवळ पाच मिनिटं अजिबात न हलता बसा, पावलांची चाहूल लागली की कुर्ल्या आत जातात पण आपण गप्प राहिलो की एकेक करून परत बाहेर येतात.