बँकेने काढलेला ‘घराचा विमा’ घराचा नाही

डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३८, पत्नी ३५, दोघंही नोकरीत, हातात येणारा पगार मिळून महिना १ लाख १५ हजार. घरी ७१ वर्षांची आई आणि तिसरीतला मुलगा. शेजारच्या इमारतीत भरदिवसा बंद घराचा कडी-कोयंडा तोडून चोरी झाली, तेव्हापासून घरात एकच विषय: दाराला स्मार्ट लॉक. दोन लॉक पाहून ठेवली आहेत. एक १४ हजारांचं, त्याला बोटाचा ठसा, कोड, कार्ड आणि साधी किल्ली चालते. दुसरं २८ हजारांचं, त्यात कॅमेरा, वायफाय आणि चेहरा ओळखण्याची सोय. ते १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतंय, वर ५ हजारांत वाढीव वॉरंटी. त्यांचा प्रश्न: ‘सुरक्षेच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये म्हणतात. २८ हजारांचं घ्यावं का?’

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, हे: ‘तसा घराचा विमा चार वर्षांपूर्वी कर्ज घेताना बँकेनेच काढून दिलाय, एकरकमी २ लाख १० हजारांचा. त्यामुळे चोरी-आगीची तशी चिंता नाही. कपाटातलं २५ तोळे सोनंही त्यातच येत असेल.’ विम्याच्या प्रमाणपत्राचा फोटो त्यांनी सोबत जोडला, हे फार बरं केलं.

कुलपाकडे मी येते. आधी हा कागद.

तुम्ही ज्याला घराचा विमा म्हणता, तो तुमच्या जिवाचा विमा आहे. कर्ज फिटायच्या आत तुमचं काही बरंवाईट झालं, तर विमा कंपनी उरलेल्या कर्जापोटी ठरलेली रक्कम बँकेला देईल. घराला आग लागली, भूकंप झाला, पुराचं पाणी शिरलं किंवा कपाट फोडून सोनं गेलं, तर या कागदावर एक रुपयाही मिळणार नाही. चार वर्षं तुमचं घर विम्याशिवाय उभं आहे.

आता त्याची किंमत बघा. हे २ लाख १० हजार तुम्ही खिशातून दिले नाहीत, ते ५२ लाखांच्या कर्जात मिळवले गेले. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला साधारण ८७० रुपये हप्ता बसतो. म्हणजे नुसत्या या विम्यापोटी महिना १,८०० रुपये, आणि २० वर्षांत सुमारे ४ लाख ४० हजार. एवढं भरून संरक्षण किती वर्षांचं? तुमच्या प्रमाणपत्रावर मुदत लिहिली आहे १० वर्षं. २० वर्षांच्या कर्जात पहिली दहा वर्षं बहुतेक हप्ता व्याजातच जातो. दहा वर्षांनी तुमच्याकडे ३७-३८ लाखांचं कर्ज शिल्लक असेल, आणि नेमका तेव्हा विमा संपलेला असेल. त्याचे हप्ते मात्र पुढची दहा वर्षं चालूच राहतील.

आणखी एक. प्रमाणपत्रावर नाव फक्त तुमचं आहे. पत्नी सहकर्जदार आहेत आणि त्यांच्या पगारावरही हप्ता उभा आहे. त्यांच्या जिवाला काही झालं तर हा विमा काहीच देणार नाही. दोघांनी वेगळा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा आयुर्विमा, घेतलेला नाही, का तर ‘बँकेचा आहेच’. ‘घराचा विमा’ या एका चुकीच्या नावामुळे दोन विमे घ्यायचे राहून गेले, घराचाही आणि माणसांचाही.

कर्जमंजुरीच्या दिवशी टेबलावर गठ्ठाभर कागद येतात, सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीची फुली असते, आणि ‘हा घराचा इन्शुरन्स, कंपल्सरी असतो’ एवढंच सांगितलं जातं. तो सक्तीचा नसतो. अमुकच कंपनीचा विमा घ्या अशी अट कर्जासाठी घालता येत नाही. आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करणाऱ्या माणसाला त्या घाईच्या दिवशी अर्धवट सांगून सही घ्यायची, याची मला मनापासून चीड आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दोघांच्या नावाने साधा टर्म विमा. तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या, निरोगी माणसाला १ कोटीचा, साठीपर्यंतचा विमा वर्षाला साधारण १५ ते २० हजारांत मिळतो. पत्नीचा त्याहून स्वस्त. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. पैसे परत देणारा प्रकार कुणी गळ्यात मारायला लागला तर नको म्हणा. अर्जात आजारपण, औषधं काहीही लपवू नका. नव्या पॉलिसी हातात आल्या, की मगच बँकेला लेखी पत्र देऊन जुन्या विम्याचं सरेंडर मूल्य, म्हणजे तो सोडला तर परत मिळणारी रक्कम, विचारा. उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात काही रक्कम मिळाली, तर ती थेट कर्जात भरा. आधी जुनं सोडून मग नवं शोधायला जाऊ नका. मधल्या काळात वैद्यकीय तपासणीत साखर वाढलेली निघाली, तर दोन्हीकडून जाल.

दुसरं, घराचा खरा विमा. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दंगल, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं त्यात येतं. विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा, जागेच्या बाजारभावाचा नाही. तुमच्या फ्लॅटचं बांधकाम ८०० चौरस फूट धरलं आणि फुटाला २,५०० रुपये खर्च धरला, तर २० लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे ४ लाखांचं घरसामान वेगळं काही न करता त्यात धरलं जातं. हप्ता वर्षाला हजार-दोन हजारांच्या आसपास येईल, दोन कंपन्यांकडून कोटेशन घ्या.

पण नीट ऐका. या मूळ पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. चोरी येते ती आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झाली तरच. घरफोडीचं कलम वेगळं जोडून घ्यावं लागतं. दागिनेही आपोआप येत नाहीत, तेही जोडावे लागतात. एकूण ५ लाखांच्या आत आणि एक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागत नाही. आज तोळा लाखाच्या वर आहे, त्यामुळे तुमच्या जवळजवळ प्रत्येक दागिन्याला ते लागेल.

तुम्ही १४ की २८ हजार यावर दोन महिने घालवलेत. कपाटात २५ लाखांहून जास्त किमतीचं सोनं आहे. वर्षातून चार लग्नकार्यांना लागतं तेवढं दोन-तीन तोळे घरी ठेवा, बाकी बँकेच्या लॉकरमध्ये न्या. लॉकर म्हणजे विमा नव्हे. जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट, म्हणजे ३ हजार भाड्याला ३ लाखांपर्यंत. तरीही फ्लॅटमधल्या कपाटापेक्षा ती जागा मला कितीतरी पटींनी बरी वाटते. लॉकर रिकामा नसेल तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक मागा, तो देणं बँकेला बंधनकारक आहे. तीन वर्षांचं भाडं आणि वेळ पडल्यास लॉकर फोडण्याचा खर्च, एवढ्याच रकमेची मुदत ठेव बँक मागू शकते. लॉकरसाठी पॉलिसी घ्या असं सांगितलं, तर लेखी मागा. विषय तिथेच थांबतो.

आता कुलूप. चेहरा ओळखणारं नको, १४ हजारांचं घ्या, आणि रोख घ्या. रोखीत दुकानदार २८ हजारांवर २ हजार सूट देतोय असं तुम्हीच लिहिलंय. नो-कॉस्ट ईएमआय घेतला की ती सूट जाते, वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. वाढीव वॉरंटीचे ५ हजार तर २८ हजारांच्या लॉकच्या सहाव्या हिश्शाहून जास्त. ‘लॉक लावलं की विम्याचा हप्ता उतरतो आणि फ्लॅटची किंमत वाढते’ हे दुकानदाराचं बोलणं हिशेबात धरू नका.

चोर कोड ओळखत बसत नाही, तो कटावणी घालतो. त्यामुळे आधी सुताराला बोलावून चौकट दाखवा, लॉकची जीभ लाकडात किती खोल जाते ते बघा. चौकट पोकळ असेल तर आधी तिथे खर्च करा. आणि घरकामाच्या मावशींना कोड देणार म्हणता, तर त्यांना वेगळा, ठरावीक वेळेचाच द्या. घरफोडीच्या विम्यात बहुतेक ठिकाणी बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये पॉलिसीतल्या त्या शब्दांना धरूनच निकाल दिला आहे. चालू कोडने दार उघडून चोरी झाली तर तोडफोडीची खूण नसेल, आणि घरकामाच्या माणसाकडून झालेली चोरी तर बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. कोड जितक्या लोकांना माहीत, तितका दावा कच्चा.

उरली आई. हे लॉक दार ओढलं की आपोआप लागतं. त्या कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आल्या आणि दार लागलं, तर मोबाइल आत राहील. या वयात बोटांच्या रेषा झिजतात, रेशनच्या दुकानात ठसा लागत नाही तो याच कारणाने. लॉक बसवायला माणूस येईल तेव्हा आईंना समोर उभं करा आणि दहा वेळा उघडायला लावा. दोन-तीनदा जरी अडलं, तरी त्यांच्यासाठी कार्ड गळ्यातल्या दोरीला, आणि साधी किल्ली समोरच्या घरी.