आईचा आजार आणि माझ्या गोळ्या

प्रश्न : माझं वय 46. आईला अंडाशयाचा कर्करोग होता. कळलं तेव्हा तो पोटभर पसरलेला. 59व्या वर्षी ती गेली. सख्ख्या मावशीला 43व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, ती आता बरी आहे. नवरात्रात वणीच्या गडावर जायचं म्हणून मी बरीच वर्षं पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. हा आजार हार्मोन्समुळेच होतो म्हणतात. मी तो स्वतःहून ओढवून तर घेतला नाही ना? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं मिटवू. सणावाराला चार-आठ दिवस घेतलेल्या त्या गोळ्यांनी अंडाशयाचा कर्करोग होत नाही. ही टोचणी मनातून काढून टाका.

हार्मोन्सचा संबंध आहे, पण तो इतका सरळ नाही. दर महिन्याला अंडं बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि पुन्हा भरून येतो. भरून यायचं म्हणजे पेशींनी नव्याने विभागायचं, आणि दर विभागणीत चूक राहून जाऊ शकते. इजिप्तचे डॉ. महमूद फतल्ला यांनी 1971 साली हा विचार मांडला. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना अंडं सुटत नाही, म्हणून त्या गोळ्या काही वर्षं घेतलेल्या बायकांत धोका कमी होतो आणि गोळ्या थांबवल्यावरही बरीच वर्षं कमीच राहतो. उलट पाळी गेल्यावर घेतलेल्या हार्मोन्सच्या गोळ्यांनी तो थोडा वाढतो. पन्नाशीपासून पाच वर्षं त्या घेणाऱ्या हजार बायकांत साधारण एक रुग्ण जास्तीची, इतका.

मला खरं सांगायचंय ते पुढचं. या कर्करोगाचा सगळ्यात जास्त आढळणारा आणि घातक प्रकार बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही. बीजनलिकेच्या टोकाला झालर असते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात ती पडद्यावर स्पष्ट दिसते : गुलाबी, ओलसर, अंडाशयावर ओणवी झालेली. घराण्यात हा आजार असलेल्या बायकांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या नळ्या 2000 नंतर पॅथॉलॉजिस्टनी बारीक काप करून तपासल्या, तेव्हा नुसत्या डोळ्यांना न दिसणारी सुरुवात या झालरीत सापडली. तिथल्या एखाद्या पेशीत पी-53 जनुक बिघडतो, तिच्या वाढीला आवर राहत नाही. यात वर्षं जातात. मग पेशी सुटतात, शेजारच्या अंडाशयावर रुजतात, पोटातल्या पाण्याबरोबर आतड्यांवर, चरबीच्या पडद्यावर पसरतात.

दुखत काहीच नाही. पिंपळगाव, ओझरकडच्या बायका येतात त्या “मॅडम, पोट चढलंय, अर्ध्या भाकरीत भरतं” असं सांगत. तोवर गॅसच्या गोळ्या झालेल्या असतात आणि द्राक्षांचा हंगाम उरकू दे म्हणून दोन महिने गेलेले असतात. मला याचं फार वाईट वाटतं. दोन-तीन आठवडे रोज पोट फुगत असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल, तर सोनोग्राफी करून घ्याच. मात्र काही त्रास नसताना दरवर्षी सीए-125 ही रक्ताची चाचणी आणि सोनोग्राफी करून मृत्यू कमी होत नाहीत. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर झालेल्या अभ्यासात 2021 साली हेच दिसलं. त्या पॅकेजवर पैसे घालवू नका.

तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती आई आणि मावशी या जोडीची. अशा घरांत बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 या जनुकातला, स्तन आणि अंडाशय दोन्हींच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दोष असू शकतो. एरवी शंभरात एखादीला होणारा हा आजार बीआरसीए-1 मध्ये दोष असलेल्या शंभरातल्या चाळीसेक जणींना होतो. दोष निघाला तर नळ्या आणि अंडाशय दोन्ही काढायचा सल्ला चाळिशीच्या आसपासच देतात, म्हणजे तुम्ही आता लांबणीवर टाकू नका.

चाचणी मात्र आधी मावशीची व्हावी, कारण आजार तिला झालेला आहे. तिच्या रक्तात दोष सापडला तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो. नाही सापडला, तरी आईचा विचार करून तुमची चाचणी करायची का, हे तज्ज्ञ ठरवतील. तुम्हाला भाऊ असेल तर त्यालाही सांगा. हा दोष मुलग्यांतही उतरतो आणि त्यांच्याकडून त्यांच्या मुलींत. मावशीला घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जा, आणि आईचा बायोप्सीचा रिपोर्ट घरात कुठे असेल तर तो बरोबर न्या.