गोव्यात समुद्राजवळ बंद पडलेली रेल्वे लाइन कुठे आहे? फोटो काढायचे आहेत.

गंजलेले रूळ, त्यावर चढलेल्या वेली आणि मागे समुद्र, असा फोटो डोक्यात धरून येणार असाल तर आधीच सांगतो, गोव्यात तो मिळायचा नाही. वास्को-मडगाव-कुळे-कॅसलरॉक ही लाइन पोर्तुगीज अमलातली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून निघालेली, १८८० च्या दशकात बांधलेली. १९५५ मध्ये भारताने केलेल्या नाकेबंदीत सीमेपलीकडची वाहतूक थांबली, मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. गेली ती फक्त मीटरगेज. १९९० च्या दशकात ती काढून ब्रॉडगेज टाकली, म्हणजे दोन रुळांतलं अंतर १००० मिलिमीटरच्या जागी १६७६. लाइनवर आजही गाड्या धावतात, बंदरातला कोळसा घेऊन मालगाड्याही जातात.

मग फोटो काढायचे ते उरल्यासुरल्या गोष्टींचे. जुने रूळ रेल्वे सहसा वाया घालवत नाही, तुकडे करून कुंपणाला खांब म्हणून पुरते. असा खांब दिसला की जवळ जाऊन त्याची बाजू बघा. पुष्कळदा तिथे कारखान्याचं नाव आणि वर्ष उठावाच्या अक्षरांत असतं. ऊन तिरपं असेल तरच ते वाचता येतं, भर दुपारी नुसतं तांबडं लोखंड दिसतं. फ्लॅश नको. मोबाइलचा टॉर्च लोखंडाला जवळजवळ टेकवून कडेने मारा, अक्षरं लगेच वर येतात.

समुद्रासाठी वेळसांव ते कासावली हा पट्टा घ्या. इथे लाइन किनाऱ्याजवळून, माडांतून आणि लोकांच्या अंगणांलगत जाते. लाइनच्या दुहेरीकरणावरून इथली माणसं आधीच वैतागलेली आहेत, तेव्हा कुणाच्या घराकडे कॅमेरा वळवण्याआधी विचारा. किनारा पश्चिमेला, म्हणून सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पाण्याचा रंग, वाळूवरच्या होड्या नीट येतात. संध्याकाळी सगळ्या काळ्या आकृत्या. सूर्यास्ताचा फोटो काय, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेच! पावसाळ्यात हिरवा रंग अप्रतिम मिळतो, पण लेन्सला बुरशी धरते. घरी आल्यावर कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा.

उभं राहायचं ते फाटकाबाहेर किंवा प्लॅटफॉर्मवर. रुळांतून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ड्रोन घरीच ठेवा, दाबोळीला नौदलाचा तळ आहे. मुरगाव बंदराच्या कुंपणाच्या आतही परवानगीशिवाय जाता येत नाही.

आणि खरोखर समुद्रानेच गिळलेली लाइन हवी असेल तर तामिळनाडूत धनुष्कोडीला जा. डिसेंबर १९६४ च्या वादळात तिथली रेल्वे गेली ती कायमची. तिथलं ऊन-पाणी मात्र तिकडच्याच कुणाला विचारा.