दोन बोटांनी ओढायचे धनुष्य

प्रश्न : मी स्वतः घडवलेले एकसंध लाकडी धनुष्य वापरतो. २८ इंच ओढीला त्याचे पाउंडेज (ओढायला लागणारा भार) ४० भरते आणि भुजांची (मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या भागांची) जाडी मध्यावर साधारण १५ मिलिमीटर आहे. अपघातात उजव्या तर्जनीची कंडरा तुटली. जखम भरली, पण बोट पूर्ण वाकत नाही. मधले बोट आणि अनामिका वापरून हलके धनुष्य ओढण्यास डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. हेच धनुष्य तासून हलके करावे, की अंगठ्याने दोरी ओढण्याची पद्धत शिकावी?

उत्तर : अंगठ्याच्या पद्धतीचा विचार आपण सोडून द्यावा. तीत दोरीत अडकवलेला अंगठा सहसा तर्जनीनेच दाबून धरायचा असतो, त्यामुळे भार फिरून त्याच बोटावर येतो. आपले धनुष्य मात्र निश्चित जुळवून घेता येईल, आणि हाताने घडवलेल्या धनुष्याचा मोठा फायदा मला इथेच दिसतो.

तासलेले लाकूड परत लावता येत नाही, म्हणून हत्याराला हात घालण्यापूर्वी आपल्याला किती भार पेलतो हे ठरवावे. शेवटच्या टप्प्यात दर इंचाला साधारण अडीच पाउंड वाढतात, म्हणजे आपलेच धनुष्य २४ इंचांपर्यंत ओढले तर बोटांवर सुमारे ३० पाउंड येतील. फिंगर टॅब (बोटांना दोरीपासून जपणारा तुकडा) घालून, त्याहूनही कमी ओढीपासून सुरुवात करून, हात न थरथरता आणि न दुखता काही क्षण कुठपर्यंत धरता येते ते पाहावे. लाकडी धनुष्यात कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्यासारखी शेवटी भार कमी होण्याची सोय नसते, त्यामुळे धरून ठेवण्याची क्षमता हाच खरा निकष आहे. दुखू लागले तर तिथेच थांबून डॉक्टरांना विचारावे.

समजा, २८ पाउंड ठरले. भुजेचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ३० टक्के पाउंडेज उतरवण्यासाठी जाडी केवळ ११ टक्के, म्हणजे दीड-पावणेदोन मिलिमीटर, कमी करावी लागते. एवढ्याशा लाकडासाठी रंधा वापरू नये; खरवडण्याची पत्ती पुरेशी आहे. खरवडायचे ते फक्त पोटाकडून, म्हणजे आपल्याकडे असलेल्या बाजूने. पाठीवरचे तंतू ताण सोसतात आणि तिथले वाढीचे वलय कापले गेले तर धनुष्य तुटू शकते. काही हात फिरवून झाले की धनुष्य अर्ध्या ओढीपर्यंत वीस-पंचवीस वेळा वाकवावे, मगच काट्यावर मोजावे, कारण खरवडल्याचा पूर्ण परिणाम लाकूड लगेच दाखवत नाही. ३० पाउंडांवर पत्ती बाजूला ठेवावी. उरलेले दोन पाउंड पॉलिश पेपरने घासताना उतरतात.

आता ज्या मुद्द्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, तो. आजवर बाणाच्या वर एक आणि खाली दोन बोटे होती; आता दोन्ही बोटे बाणाखाली जातील आणि ओढीचा बिंदू दोरीवर खाली सरकेल. जुन्या पद्धतीसाठी वरची भुजा किंचित मऊ ठेवलेली असते, म्हणजे भुजेच्या मुळापासून दोरीपर्यंतचे अंतर वर तीन ते सहा मिलिमीटर जास्त असते. भुजांचा हा तोल तसाच राहिला तर नव्या पकडीत दोन्ही भुजा एका लयीत सुटणार नाहीत आणि मुठीत धक्का जाणवेल. म्हणून खालच्या भुजेवर थोडे अधिक खरवडून दोन्ही अंतरे जवळपास सारखी करावीत. हे तपासताना धनुष्य हाताने न ओढता भिंतीवर टांगून कप्पीच्या दोरीने ओढावे आणि तिचा आकडा (हुक) बरोबर त्या जागी अडकवावा, जिथे आपली दोन बोटे बसणार आहेत. आकडा दोरीच्या मध्यावर लावून केलेली पाहणी आपल्या हाताबद्दल काहीच सांगत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोटे बाणाखाली असल्याने बाण दोरीवरून खाली घसरू शकतो. त्यासाठी दोरीवर बाणाच्या वर आणि खाली अशा दोन गाठी बांधाव्यात. धनुष्याच्या मुठीत काही बदल करण्याची गरज नाही. बाण मात्र बदलावे लागतील. ४० पाउंडांसाठी निवडलेल्या काड्या २८ पाउंडांना फार ताठ ठरतात आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण त्यामुळे डावीकडे जातात, तेव्हा नेम चुकतो म्हणून बोटांना दोष देण्याआधी कमी ताठ काड्या लावून पाहाव्यात.