शाळांतल्या वर्णभेदावर नाटक करायचं तर कोर्टाबाहेर दाखवायचं काय?

तुम्ही म्हणताय की तुमच्या हौशी ग्रुपला अमेरिकेतल्या शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यावर नाटक बसवायचंय, पण सगळं कोर्टातच घडलं, मग स्टेजवर दाखवायचं काय. मी व्हर्जिनियात रिचमंडला असताना एका छोट्या कम्युनिटी ग्रुपच्या अशाच नाटकाला प्रॉम्प्टर होतो, म्हणून सांगतो, कोर्टाचा सीन ठेवूच नका. आम्ही ठेवला होता, तिसऱ्या तालमीत उडवला, कारण वकिलांची भाषणं ऐकून आमचेच लोक पेंगायला लागले.

आमचं नाटक व्हर्जिनियातल्याच, प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) फार्मव्हिल गावचं. तिथलं काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेलं आणि मुलं साडेचारशे. मग पटांगणात डांबरी कागदाच्या शेड टाकल्या, त्यात स्टोव्हजवळचा पोरगा भाजून निघायचा आणि लांबचा कोट घालून कुडकुडायचा, पाऊस आला की छप्पर गळायचं. गोऱ्यांच्या हायस्कूलला जिम, कॅन्टीन सगळं. नेपथ्य म्हणून आम्ही एक स्टोव्ह आणि छत्री उघडून बसलेली मुलगी एवढंच ठेवलं, बास झालं.

आणि २३ एप्रिल १९५१ ची सकाळ तर मुळातच नाटक आहे हो! बार्बरा जॉन्स, वय १६. मुख्याध्यापकांना खोटा फोन गेला की बस स्टेशनवर आपली पोरं अडचणीत आहेत, ते तिकडे धावले, इकडे वर्गावर्गात खोट्या चिठ्ठ्या गेल्या, सगळी शाळा हॉलमध्ये जमली, पडदा उघडला तर मुख्याध्यापकांच्या जागी ही मुलगी. शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं, पायातला बूट काढून आपटला, आणि पोरं संपावर. लेखकाला वेगळं काही रचायलाच लागलं नाही.

पण मला त्याहून भारी वाटायचा तो पुढचा सीन. मुलांना हवी होती फक्त चांगली इमारत. ज्या वकिलांकडे त्यांनी मदत मागितली ते म्हणाले, काळ्यांची वेगळी शाळा सुधारून मागणार असाल तर आम्ही नाही, वेगळेपणच बंद करा म्हणत असाल तर लढतो. आता हे आईबापांना पटवायचं, ज्यांची नोकरी आणि कर्ज गोऱ्यांच्या हातात! इथे भरपूर वेळ द्या. ती केस पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या ब्राऊन खटल्यात सामील झाली आणि १९५४ ला निकाल लागला, की सरकारी शाळांत वर्णावरून मुलं वेगळी ठेवणं घटनाबाह्य आहे. (मी डिरेक्टरबाईंना सांगितलं की शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ लाच बंद केल्या, तर त्यांनी मला साल दोनदा विचारलं.)

बहुतेक लोक निकालावर पडदा टाकतात आणि तिथेच चुकतात. १९५९ मध्ये एकत्र शाळा चालवायची वेळ आली तेव्हा प्रिन्स एडवर्ड काउंटीने सरकारी शाळांना पैसेच दिले नाहीत, सगळ्या बंद. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी उभी राहिली, बाकीची मुलं १९६४ पर्यंत घरी, नाहीतर परगावी नातेवाईकांकडे. दंगल नाही, काही नाही, नुसतं एक बजेट. आता हे दाखवणार कसं? आम्ही स्टेज रिकामं ठेवून पाच वेळा शाळेची घंटा वाजवली, कुणी येत नाही. मला ते जरा जास्तच वाटलं होतं, पण प्रयोगात चाललं.

आमच्या नटांत एक सत्तरीचे काका होते. वाचनाला ते स्क्रिप्ट हातात घेऊन नुसते बसायचे, आम्हाला वाटायचं चष्मा विसरले. मग एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, तू वाच, मी ऐकून पाठ करतो. शाळा बंद झाली तेव्हा ते पहिलीत जाणार होते, उघडली तेव्हा अकरा वर्षांचे, आणि मग लाजेने टिकलेच नाहीत. त्यांचा अख्खा रोल मी वाचून पाठ करून घेतला, त्यामुळे दोन-तीन वाक्यं ते माझ्या अस्सल सांगलीच्या उच्चारात बोलायचे आणि बाकीचे विंगेत तोंड दाबून हसायचे, ते स्वतः सगळ्यात जास्त.

तुमच्याकडे असे काका नसणार, मान्य, पण शाळा मध्येच सुटलेली माणसं गावात असतीलच, त्यांना तालमीला बोलवा. आणि प्लीज, कुणाच्याही तोंडाला काळा रंग फासू नका.