रिकामे घर विकताना सजावटीवर खर्च करावा का?

प्रश्न : पुण्यात कोथरूडमध्ये माझ्या आईवडिलांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत सुमारे ३० वर्षांची आहे. वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे ठाण्याला राहायला आली आणि घरातले बहुतेक सामान आम्ही देऊन टाकले. आता फ्लॅट विकायचा असून ९० लाखांची अपेक्षा आहे. एजंट म्हणतात, रिकामे घर गिऱ्हाइकाच्या मनात भरत नाही, म्हणून तीन महिन्यांसाठी भाड्याचे फर्निचर, पडदे आणि दिवे लावून ‘होम स्टेजिंग’ करून घ्या. खर्च दीड लाख रुपये. माझ्या भावाच्या मते हे पैसे पाण्यात जातील. आम्ही काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एजंटचे निरीक्षण खरे आहे, मात्र त्यांनी सुचवलेला उपाय आपल्या घराच्या मानाने महागडा आहे. रिकामी खोली डोळ्यांना लहान वाटते, आवाज घुमतो, भिंतीवरचे खिळे आणि कपाटामागचा जुना रंग नको तितके उठून दिसतात. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये डबल बेड ठेवल्यावर कपाटाचे दार उघडेल की नाही, याचा अंदाज बहुतेकांना नुसत्या फरशीकडे पाहून येत नाही. बांधकाम व्यावसायिक सॅम्पल फ्लॅट सजवतात ते याचसाठी, आणि तेथील पलंग कित्येकदा नेहमीच्या मापापेक्षा आखूड बनवून घेतलेला असतो, हेही आता अनेकांना ठाऊक झाले आहे.

परंतु घर आवडणे आणि घराला जास्त पैसे देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत या व्यवसायाचा चांगलाच जम बसलेला आहे, आणि तेथे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एकाच घराची चित्रफीत भिंतींचा रंग व फर्निचर बदलून वेगवेगळ्या लोकांना दाखवण्यात आली होती. चांगले फर्निचर आणि सौम्य रंग पाहिलेल्यांना ते घर राहण्याच्या दृष्टीने अधिक आवडले. मात्र त्यासाठी मोजायच्या किमतीत त्यामुळे फरक पडला नाही. सजावटीने घरांना जादा भाव मिळतो असे सांगणारी तेथील सर्वेक्षणे मुख्यतः एजंटांच्याच मतांवर आधारलेली असतात, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे तर किमतीला आणखी एक लगाम असतो. आपला खरेदीदार बहुधा गृहकर्ज घेणार आणि बँक आपला मूल्यांकनकार पाठवणार. तो क्षेत्रफळ, इमारतीचे वय, मजला, परिसरातील दर आणि कागदपत्रे पाहील. भाड्याच्या सोफ्याला त्याच्या अहवालात स्थान नाही. त्याने किंमत कमी धरली, तर फरकाची रक्कम खरेदीदाराला स्वतःच्या खिशातून उभी करावी लागते आणि तेथे पुन्हा घासाघीस सुरू होते.

तेव्हा लाभ झालाच तर तो वेळेचा आहे, आणि त्याचा हिशेब मांडता येतो. ९० लाख रुपये सात टक्के व्याजाने ठेवले, तर महिन्याला सुमारे ५२,५०० रुपये मिळतात. म्हणजे सोसायटीचा मासिक आकार बाजूला ठेवला, तरी सजावटीमुळे विक्री जवळजवळ तीन महिने अलीकडे आली तरच आपले दीड लाख वसूल होतील. तशी हमी कोणताही एजंट लिहून देणार नाही. शिवाय फर्निचरचे भाडे ही घरात केलेली सुधारणा ठरत नसल्याने भांडवली नफ्याच्या हिशेबात ते सुधारणाखर्च म्हणून दाखवता येत नाही. एजंटची दलाली मात्र विक्रीचा खर्च म्हणून वजा होते.

सर्वांत आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून पुनर्विकासाचा विषय कुठवर आला आहे, ते विचारावे. कोथरूडमधील या वयाच्या अनेक इमारतींत ही चर्चा चालू असते. सर्वसाधारण सभेत विकसक नेमण्याचा विषय मंजूर झाला असेल, तर येणारे गिऱ्हाईक जुन्या फ्लॅटचे कार्पेट क्षेत्र आणि नव्या इमारतीत मिळणारी जागा यांचाच विचार करेल. पाडल्या जाणाऱ्या भिंतींवर पडदे लावण्यात काही अर्थ नाही.

पुनर्विकास दूर असेल, तर थोडा खर्च जरूर करावा, पण तो लोक घर पाहताना जेथे थबकतात तेथे. जुन्या फ्लॅटमध्ये ती जागा म्हणजे बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत. अनुभवी गिऱ्हाईक त्या भिंतीला हात लावून पाहते, पोपडे आले आहेत का ते बघते, मग नळ सोडून पाण्याचा दाब पाहते. ओल असेल, तर आधी गळती काढावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंग द्यावा. पुट्टी मारून तेवढीच भिंत रंगवली, तर ती पहिल्याच भेटीत संशय उत्पन्न करते, आणि पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा वर येतो तो वेगळाच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साधारण दक्षता घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे. त्यामुळे सजावटीच्या नावाखाली ओल झाकणे कायद्याच्याही विरुद्ध जाते.

त्यानंतर सर्व खोल्यांना एकच फिकट रंग, भरपूर उजेडाचे दिवे, घासून स्वच्छ केलेल्या फरशा आणि स्वयंपाकघरातील तेलकट थर काढणे एवढे पुरे. एक पलंग, जेवणाचे टेबल आणि दोन खुर्च्या नातेवाइकांकडून आणून ठेवल्या, तरी खोल्यांची मापे कळतात. देव्हारा राहिला तरी बिघडत नाही. वडिलांचा हार घातलेला फोटो मात्र आईंच्या संमतीने ठाण्याला न्यावा. अनोळखी माणसे त्यापाशी अवघडतात आणि घरात काय घडले, घर का विकता, अशा चौकशीकडे बोलणे वळते. छायाचित्रे सकाळच्या उजेडात काढावीत, कारण पहिली निवड मोबाइलवरच होते.

पूर्ण स्टेजिंग परवडते ते प्रामुख्याने बालेवाडी-खराडीसारख्या भागांतील मोठ्या, नव्या फ्लॅटना. तेथे त्याच संकुलात विकसकाचे न विकलेले फ्लॅट सजून उभे असतात आणि परदेशातील खरेदीदार केवळ चित्रफितीवरून यादी छाटतो.

एवढे करूनही एजंटच्याच मार्गाने जायचे ठरले, तर दीड लाख एकरकमी देऊ नयेत. भाडे महिन्यागणिक ठरवावे, फ्लॅट दुसऱ्याच आठवड्यात विकला गेला तर उरलेल्या मुदतीचे पैसे आकारले जाणार नाहीत असे लेखी घ्यावे, आणि ने-आण करताना दारे-भिंतींचे नुकसान झाल्यास ते कोणी भरून द्यायचे, हेही त्याच कागदावर यावे.